कन्सोलची किंमत उतरली, पण खप किती दिवस टिकला?

महोदय,

गेम कन्सोलची किंमत उतरली की ‘खप दुप्पट होणार’ अशी भाकिते बातम्यांत लगेच दिसू लागतात. पहिल्या आठवड्याचा आकडा वर्षभर ताणून केलेले हे गणित फसवे आहे.

निन्टेंडो या जपानी कंपनीचा थ्रीडीएस हा हातात धरून खेळायचा कन्सोल पाहा. फेब्रुवारी २०११ मध्ये तो जपानमध्ये २५,००० येनला आला. मार्चअखेर जगभर ३६.१ लाख नग गेले, पुढच्या तिमाहीत मात्र अवघे ७.१ लाख. कंपनी देते तो आकडा दुकानदारांकडे धाडलेल्या मालाचा असतो, गिऱ्हाइकाने घरी नेलेल्या नगांचा नव्हे. फळीवरचा माल हलेना म्हटल्यावर दुकानदार नवा माल मागवत नाही आणि घसरण अचानक झाल्यासारखी वाटते.

२८ जुलैला कपात जाहीर झाली. ११ ऑगस्टपासून किंमत १५,००० येन, म्हणजे थेट ४० टक्के कमी. घोषणा आणि अंमल यांमधल्या दोन आठवड्यांत जाणता गिऱ्हाईक खरेदी थांबवतो. त्या रिकाम्या आठवड्यांशी तुलना केली तर वाढ कितीतरी फुगते. म्हणून पाया धरावा तो घोषणेपूर्वीच्या चार आठवड्यांच्या सरासरीचा. कपातीनंतरचे पहिले तीन आठवडेही बाजूला ठेवावेत, कारण थांबलेले आणि एरवी दिवाळी-नाताळला घेणारे, दोघेही तेव्हाच खरेदी उरकतात. पाचव्या ते आठव्या आठवड्यात खप जिथे स्थिरावतो, तीच कपातीची खरी कमाई.

त्यातही नवा गेम कोणता आला हे तपासायलाच हवे. त्या नोव्हेंबरात ‘सुपर मारिओ थ्रीडी लँड’ आणि डिसेंबरात ‘मारिओ कार्ट ७’ आले. मग नाताळातल्या वाढीचे श्रेय एकट्या किमतीला कसे देणार? एवढे सगळे जुळूनही मार्च २०१२ पर्यंतच्या वर्षात १.६ कोटींच्या अंदाजासमोर १.३५ कोटी नगच गेले. कंपनीला ४,३२० कोटी येनचा निव्वळ तोटा झाला. त्यात वधारलेल्या येनचाही हात होता.

निन्टेंडोच्याच वी यू या कन्सोलला तर कपातीने तारलेच नाही. सप्टेंबर २०१३ मध्ये अमेरिकेत ३५० डॉलरचा संच ३०० वर आला. वर्षाचा अंदाज ९० लाखांचा होता, प्रत्यक्षात गेले २७.२ लाख.

आता तर वाराच उलटा आहे. प्लेस्टेशन २ अमेरिकेत दोन वर्षांत २९९ वरून १९९ डॉलरवर आला होता. प्लेस्टेशन ५ मात्र आपल्याकडे २०२१ मध्ये ४९,९९० रुपयांना आला आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये ५४,९९० झाला. जुन्या यंत्रांचा आलेख जसाच्या तसा त्याला लावणे मला चूक वाटते. सणाची सवलतही कायमची कपात समजू नये. ती संपली की पुढचे काही आठवडे खप नेहमीपेक्षा खाली जातो.

आपल्या दैनिकाने अशा बातम्यांत आकडा पाठवलेल्या मालाचा की विकलेल्या, तो कपातीनंतरच्या कितव्या आठवड्याचा आणि त्या काळात कोणता मोठा गेम आला, एवढे तीन तपशील तरी छापावेत, ही विनंती.

– एक वाचक, ठाणे