नऊ नंबरला पास दे

चि. सोनूस,

अनेक आशीर्वाद.

काल रात्री फोनवर तू बोलत होतीस आणि मी नुसतं हं हं करत होते. तुला वाटलं असेल आईचं लक्ष नाही. लक्ष होतं गं. पण तुमच्या बास्केटबॉल टीममधल्या नऊ नंबरबद्दल तू जे म्हणालीस त्याला लगेच काय उत्तर द्यावं ते सुचेना. "ती कोर्टवर असली की आपण हरतो. सगळ्यांना माहितीये, बोलत कोणीच नाही." हे तुझे शब्द. रात्रभर डोक्यात घोळत राहिले. म्हणून सकाळी उठल्या उठल्या कागद पुढे ओढलाय. फोनवर हे मला नीट सांगता आलं नसतं, आणि तू अर्ध्यात तोडलं असतंस.

रविवारची मॅच मी पाहिली. सगळ्यात वरच्या पायरीवर बसले होते. तिसरा क्वार्टर संपत आला होता. तुमच्या नऊ नंबरला कोपऱ्यात मोकळा शॉट मिळाला. बॉल रिंगच्या पुढच्या कडेला लागून खाली आला. तेव्हा मी बॉलकडे बघतच नव्हते, तुम्हा चौघींकडे बघत होते. एकीने मान वर करून छताकडे पाहिलं. एकीने बेंचकडे पाहिलं, सर आता तरी हिला बाहेर काढतात का म्हणून. एक कमरेवर हात ठेवून उभी राहिली. आणि तू पाठ फिरवून चालायला लागलीस. पळायला नाही, चालायला. समोरच्या मुलीने तो परत आलेला बॉल, रिबाउंड, घेतला आणि ती सुटली. तुमच्या रिंगखाली तिला गाठायला एकच जण पोचली. नऊ नंबर. जिचा शॉट चुकला होता तीच अख्खं कोर्ट पळत मागे आली, त्या मुलीचा रिंगजवळून टाकलेला लेअप अडवायला गेली आणि फाउल तिच्याच नावावर लागला. ती उठली तेव्हा तिने हात पुढे केला होता. तो कोणी धरला नाही. तुझ्या लक्षात आलं का ते? ती आपली आपण उठली.

शॉट तिचा चुकला हे खरं. पण त्या फाउलवर मिळालेल्या फ्री थ्रोचे दोन पॉइंट तुमच्या चालण्याने गेले.

तू म्हणशील, आई, ती गेल्या चार मॅचमध्ये सतत चुकतेय, आमचं अवसान गळणार नाही तर काय होईल? गळणारच. माझंही गळलं असतं. पण ते का गळतं हे एकदा नीट बघ. गेली दोन वर्षं तुमचा सगळा खेळ तिच्या हातावर उभा आहे. बॉल नऊला द्यायचा आणि बघत राहायचं. तिचे शॉट पडत होते तोवर कोणाच्या हे ध्यानात आलं नाही की स्क्रीन, म्हणजे समोरचीची वाट अंगाने अडवणं, अर्धवट लागतेय, रिबाउंडसाठी अंगाने जागा कोणी धरत नाही, कोपऱ्यातली मुलगी हात खाली सोडून उभी आहे. बॉल जाळीतून जायचा आणि सगळं झाकलं जायचं. आता जाळी हलत नाही, तर ते सगळं उघडं पडलंय. आणि राग निघतोय तिच्यावर.

मनोधैर्य खचतं म्हणजे नक्की काय होतं, ते मी त्या पायरीवरून पाहिलं. पहिल्यांदा डिफेन्समधलं बोलणं बंद पडतं. "स्क्रीन आली", "डावीकडे", "माझी, माझी" हे आवाज थांबतात. मग परत पळायला अर्धा सेकंद उशीर. मग बॉल हातात नको वाटायला लागतो. जिच्याकडे येतो ती दुसरीकडे ढकलते. चौथ्या क्वार्टरमध्ये तुमचा बॉल तीनदा शॉट घ्यायच्या २४ सेकंदांच्या अगदी टोकाला आला आणि घाईघाईत कुठूनतरी फेकला गेला. त्या तीन शॉटमधला एकही नऊ नंबरचा नव्हता. एकीचं चुकणं पाचजणींत असं उतरतं.

तुला स्टीफन करी आवडतो, म्हणून त्याचीच गोष्ट आठवून देते. अमेरिकेतल्या मोठ्या लीगची, एनबीएची २०२२ ची फायनल, बोस्टनविरुद्ध. चार मॅच आधी जिंकेल त्याचा चषक. चौथ्या मॅचमध्ये त्याने ४३ पॉइंट केले. पाचव्या मॅचला, १३ जूनला, त्याने लांबून तीन पॉइंटचे, थ्रीचे, नऊ शॉट घेतले आणि नऊच्या नऊ चुकले. त्याआधी प्लेऑफमध्ये, म्हणजे सीझनअखेरच्या बाद फेऱ्यांत, सलग १३२ मॅचमध्ये त्याचा निदान एक तरी थ्री पडला होता. ती साखळी त्या रात्री तुटली. जगातला सगळ्यात मोठा शूटर, फायनल २-२ अशी अडकलेली, आणि त्याचा हातच बसेना. तरी त्याची टीम, वॉरियर्स, ती मॅच १०४-९४ अशी जिंकले. त्याच्या टीममधल्या अँड्र्यू विगिन्सने २६ पॉइंट आणि १३ रिबाउंड काढले. पण नुसत्या विगिन्सवर थांबू नकोस. करीने त्याच मॅचमध्ये आठ असिस्ट दिले, म्हणजे त्याच्या पासवर दुसऱ्यांनी आठ बास्केट केले. शॉट पडत नव्हते तरी तो पळत राहिला, स्क्रीनमागून निघत राहिला, आणि बोस्टनचे खेळाडू त्याच्यामागे ओढले जात राहिले. त्याला मोकळं सोडायची त्यांची हिंमत झाली नाही, कारण त्याच्या टीमने त्याला बॉल द्यायचं थांबवलं नव्हतं. तीन दिवसांनी सहाव्या मॅचमध्ये त्याने ३४ पॉइंट केले आणि वॉरियर्सनी चषक उचलला.

यातलं "बॉल द्यायचं थांबवलं नव्हतं" हे मी मुद्दाम लिहितेय. कारण मी थांबवला होता.

हे तुला आजवर सांगितलं नाही. मी तुझ्याएवढी होते, तुझ्यासारखी बॉल पुढे नेणारी गार्डच होते, आणि आमच्याकडेही अशीच एक होती. आमच्या निम्म्याहून जास्त बास्केट तिच्या. एका स्पर्धेत तिचा हात गेला. उपांत्य फेरीच्या मॅचमध्ये मी मनाशी ठरवलं, आज हिला बॉल द्यायचा नाही. कोणाशी बोलले नाही. पण बाकीच्यांना कळायला वेळ लागला नाही. अशा गोष्टी कोर्टवर बोलाव्या लागत नाहीत. पहिला क्वार्टर आम्ही बरा काढला आणि मला वाटलं, बघा, जमतंय. मग समोरच्यांनाही कळलं. तिच्यावरची डिफेन्डर तिला सोडून रिंगखाली जाऊन उभी राहिली. म्हणजे आम्ही चौघी पाचजणींविरुद्ध खेळत होतो. आत शिरायला वाट नाही, पासला फट नाही. हरलो, चांगल्या वीस पॉइंटनी.

खूप वर्षांनी ती भेटली. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलणं झालं. निघताना ती म्हणाली, "त्या दिवशी मी अकरा वेळा मोकळी होते." चिडून नाही, अगदी साध्या आवाजात. अकरा. तिने मोजलं होतं, आणि इतकी वर्षं तो आकडा तिच्याजवळ होता. सोनू, मला त्या मॅचचा स्कोअरही आता धड आठवत नाही.

म्हणून काल तुझं बोलणं ऐकून पोटात गोळा आला. कारण रविवारी चौथ्या क्वार्टरमध्ये तू नऊ नंबरला किती पास दिलेस ते मीही मोजलं. एक.

आता तिची बाजूही मी डोळे झाकून घेत नाही. दुसऱ्या क्वार्टरमध्ये त्या लहान पोरीच्या हातून बॉल सुटला तेव्हा नऊ नंबरने मनगटाची पट्टी काढून जमिनीवर आपटली. ते मला अजिबात आवडलं नाही. स्टार खेळाडूकडे सगळ्यांचे डोळे असतात, त्यामुळे तिचं चिडणं आणि तोंड पाडणं बाकीच्यांपेक्षा दसपट वेगाने पसरतं. त्यानंतर त्या लहानगीने बॉल मागितलाच नाही. हे तिला सांगायला हवं, आणि ते तू सांगायला हवंस. एकटीला गाठून. सगळ्यांसमोर नाही, आणि तिच्यामागे कपडे बदलायच्या खोलीत तर नाहीच. शॉट पडत नसला तरी तिच्याकडून टीमचं काय येणं आहे, ते तिला सरळ सांग. २०१० च्या एनबीए फायनलची सातवी मॅच आठव. कोबी ब्रायंटचे २४ पैकी फक्त सहा शॉट पडले. पण रिंगपासून लांब खेळणाऱ्या त्या गार्डने १५ रिबाउंड काढले, आणि त्याची टीम लेकर्स ८३-७९ अशी जिंकली. हात चालत नव्हता तर तो अंगाने खेळला. तिची उंची आहे, उडी आहे. रविवारी ती एकटीच मागे पळाली, म्हणजे जिद्दही आहे. तिला ते दाखवून दे. तिला स्वतःचे फक्त चुकलेले शॉट दिसत असणार.

तिला बसवायचं की खेळवायचं हे सरांचं काम, ते तू डोक्यावर घेऊ नकोस. बेंचवरून खेळणं म्हणजे शिक्षा असंही धरू नकोस. करीचा साथी क्ले थॉम्पसन दोन मोठ्या दुखापतींमधून परत आला, २०२२ च्या वॉरियर्सच्या त्याच टीममध्ये होता. २०२४ च्या फेब्रुवारीत त्याचा खेळ इतका घसरला की कोचने त्याला सुरुवातीच्या पाचातून काढलं. पहिल्या सीझननंतर प्रथमच तो बेंचवरून उतरला आणि त्याच मॅचमध्ये, युटाविरुद्ध, त्याने ३५ पॉइंट केले. सरांनी तसं काही केलं तर तुमच्या चेहऱ्यावर सुटल्याचा भाव दिसता कामा नये. तो तिला आधी दिसेल.

आणि एक विचारू? चार मॅच झाल्या, तुमच्यापैकी कोणी तिला विचारलं का, बाई, बरी आहेस ना? शॉट पुढच्या कडेला लागतोय म्हणजे पुष्कळदा पायातून जोर येत नसतो. झोप होत नसेल, दुखत असेल, घरी काही असेल. एनबीएमधलाच केव्हिन लव्ह ५ नोव्हेंबर २०१७ च्या मॅचमध्ये टाइमआऊटमधून उठून सरळ आत निघून गेला. त्याचा श्वास कोंडला होता. पॅनिक अटॅक होता तो. पुढच्याच मॅचला त्याने ३२ पॉइंट केले, बघणाऱ्याला वाटलं असेल सगळं ठीक आहे. चार महिन्यांनी त्याने स्वतः लिहिलं तेव्हा लोकांना कळलं. तुमच्या नऊ नंबरचं तसं काही असेल असं मी म्हणत नाही. विचारल्याशिवाय कळणार नाही, एवढंच म्हणतेय.

आणखी एक, तुझ्या त्या पाठ फिरवण्याबद्दल. अमेरिकेतल्या काही संशोधकांनी एनबीएच्या २००८-०९ सीझनच्या सुरुवातीच्या मॅच बघून खेळाडू एकमेकांना किती वेळा टाळी देतात, पाठ थोपटतात, खांद्याला खांदा लावतात हे चक्क मोजलं. हे जास्त करणाऱ्या टीम पुढे सीझनमध्ये जास्त चांगल्या आणि जास्त एकोप्याने खेळल्या. टाळ्या देऊन मॅच जिंकता येते असं मी समजत नाही. जिथे आधीच विश्वास आहे तिथे हात आपोआप पुढे होत असतील. पण हात पुढे झाला असताना तो न धरणं काय करतं, ते मी रविवारी बघितलंय.

गुरुवारच्या प्रॅक्टिसला वीस मिनिटं आधी जा. तिलाही बोलाव. शॉटबद्दल एक अक्षर बोलू नकोस. कोपर आत घे, पाय वाकव हे तिला सांगायला सर आहेत. तू फक्त रिंगखाली उभी राहा आणि तिचे रिबाउंड काढून दे. आधी जवळून, बोर्डच्या बाजूने, जिथून पडतातच असे दहा-पंधरा शॉट. मग एकेक पाऊल मागे. पास छातीवर दे, तिला वाकावं लागू नये असा. तो तुझ्यासारखा कोणालाच देता येत नाही, हे मी आई म्हणून म्हणत नाही.

आणि शनिवारच्या मॅचमध्ये ती मोकळी दिसली की बॉल दे. दया म्हणून नको, तिला ते लगेच कळेल. मोकळी आहे म्हणून दे. तिने उचलला की तिथे उभं राहून बघत बसू नकोस, रिबाउंडला आत घुस. चुकला तर परत पळताना तिच्या बाजूने पळ.

मी येतेय शनिवारी. त्याच वरच्या पायरीवर असेन. गुडघ्याचा पट्टा तू इथेच विसरलीस, तो घेऊन येते. आणि नऊ नंबरचा गुडघाही रविवारी खरचटला होता, तिच्यासाठी एक नवा आणतेय. तिला तू दे, माझं नाव सांगू नकोस.

तुझी,
आई