होर्डिंग कमी लावा, फोन उचला

संपादक साहेब, नमस्कार.

अॅडमिशनचा सीझन आला की कॉलेजांच्या जाहिरातींना नुसता ऊत येतो, होर्डिंग काय, रील्स काय, पानभर टॉपरचे फोटो काय, आणि नंतर जागा रिकाम्या राहिल्या की हेच लोक कपाळाला हात लावून बसतात. मी बरीच वर्षं एका कॉलेजच्या अॅडमिशन खिडकीच्या आतल्या बाजूला बसलोय म्हणून सांगतो, जाहिरात बघून पोरं फार तर चौकशी करतात, अॅडमिशन घ्यायची की नाही ते चौकशीला काय उत्तर मिळतं त्यावर ठरतं.

आता ही चौकशी कशी होते बघा. पोरगं रात्री उशिरा मोबाईलवर वेबसाइट उघडतं, फी बघायला. वर इमारतीचे फोटो सरकत असतात, फी सापडतच नाही, सापडलीच तर मागच्या वर्षीची, तीही तिरकी स्कॅन केलेली पीडीएफ. सकाळी फोन लावला तर नुसती रिंग जाते, कोणी उचललाच तर "वेबसाइटवर बघा". तोवर दुसऱ्या कॉलेजने व्हॉट्सअॅपवर नीट उत्तर दिलेलं असतं, झालं, पोरगं गेलं तिकडे.

आणि फॉर्म भरला म्हणजे काम संपलं असंही नाही, सीट घेऊनही पहिल्या दिवशी न उगवणारी मुलं सगळीकडे असतात. अमेरिकेतल्या जॉर्जिया स्टेट युनिव्हर्सिटीने २०१६ मध्ये मेसेजवर उत्तरं देणारा चॅटबॉट लावला, कागद कुठले लागतात, आर्थिक मदतीचा अर्ज कसा भरायचा, हॉस्टेलचं काय, असलं काहीही कधीही विचारा, आणि त्यांच्या सांगण्याप्रमाणे ही गळती २१ टक्क्यांच्या आसपास कमी झाली. म्हणजे नवीन जाहिरात न करता!

प्लेसमेंटचं तर बोलायलाच नको. एका पोराचं मोठं पॅकेज बॅनरवर, बाकीच्यांचं काय ते गुलदस्त्यात. अहो, सगळ्यांचे पगार ओळीने लावून बरोबर मधला कुठला येतो तो छापा की, आणि किती जणांपैकी किती जणांना नोकरी लागली तेही.

ओपन डेला, म्हणजे नवीन मुलांना कॉलेज दाखवायच्या दिवशी, भाषणं आवरती घ्या आणि सेकंड इयरच्या मुलांना नवीन मुलांबरोबर बसवा, खोलीत एकही सर नको. लॅबमधलं मशीन चालतं का नुसतं झाकून ठेवलंय, लेक्चर खरंच होतात का, हे ती एकमेकांनाच विचारतात. दोन वाईट गोष्टी बाहेर येतील, येऊ देत, त्यामुळेच बाकीच्या चांगल्या गोष्टींवर विश्वास बसतो (मॅनेजमेंटला हे कधीच पटत नाही, ते सोडा).

आमच्याकडे एजंटला दर अॅडमिशनमागे कमिशन होतं, आणि फोनवर बसणारा माणूस मात्र सीझनपुरता, ट्रेनिंग शून्य, त्याला बिचाऱ्याला कोर्सची नावंसुद्धा धड माहीत नसायची. पुढच्या बजेटमध्ये दोन होर्डिंग कमी करा आणि त्या पैशात फोनवर नीट उत्तर देणारा एक तरी माणूस बारमाही ठेवा.

आपला,
एक निवृत्त कॉलेज कर्मचारी