सातवी आणि इंजिनिअरिंग एकाच ट्रॅकवर नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कॉलेजांच्या टेकफेस्टमध्ये आणि आता शाळांमध्येही ‘लाइन फॉलोअर’ रोबोच्या स्पर्धा होऊ लागल्या आहेत. पांढऱ्या फ्लेक्सवर काळ्या चिकटपट्टीचा रस्ता आणि त्या पट्टीचा माग काढत, कुणी हात न लावता धावणारी छोटी गाडी. मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते आणि काही वर्षांपासून मुलांना घेऊन या स्पर्धांना जाते. या स्पर्धा व्हायलाच हव्यात, आणखी व्हायला हव्यात. पण त्या भरवण्याच्या पद्धतीबद्दल मनात बरंच साचलं आहे.

गेल्या हिवाळ्यात एका कॉलेजच्या स्पर्धेला आमच्या सातवीच्या दोन मुली आणि एक मुलगा गेले होते. पत्रकावर ‘सर्वांसाठी खुली’ असं छापलं होतं. तिथे गेल्यावर कळलं की सगळ्यांना ट्रॅकही एकच. आमच्या गाडीला रेघ ओळखणारे दोन सेन्सर आणि बॅटरीवर चालणाऱ्या साध्या पिवळ्या (बीओ) मोटारी. शेजारच्या टेबलावर इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाच्या मुलांची गाडी होती, तिला आठ सेन्सरची पट्टी, वजनाला हलक्या पण वेगवान मोटारी आणि पीआयडीचा, म्हणजे गाडी रेघेपासून किती सरकली ते बघून वळण सतत कमी-जास्त करणारा, प्रोग्रॅम. ट्रॅकवर काटकोनी वळणं, मध्येच तुटलेली रेघ आणि एका तुकड्यात चक्क उलटे रंग, म्हणजे काळ्यावर पांढरी पट्टी. दोन सेन्सरच्या साध्या गाडीला ‘काळं दिसलं की त्या बाजूला वळ’ एवढंच शिकवलेलं असतं. रंग उलटे झाले की ती चुकणार, हे सुरू होण्याआधीच ठरलेलं होतं.

त्यातून ट्रॅक मांडला होता पोर्चमध्ये. दुपारी तीनच्या सुमारास तिरपं ऊन अर्ध्या फ्लेक्सवर आलं आणि आमची गाडी उन्हाच्या कडेशी पोचली की भरकटू लागली. कारण साधं आहे. सेन्सरमधून डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश खाली पडतो. पांढऱ्यावरून तो परत येतो, काळ्यात बराचसा शोषला जातो आणि या फरकावरून गाडीला रेघ कळते. उन्हातही हाच अवरक्त प्रकाश भरपूर असतो, त्यामुळे सेन्सरला सगळंच पांढरं वाटायला लागतं. आमच्या मुलीने दोनदा गाडी उचलून पाहिली, सेन्सरवर तळहात आडवा धरला, छोट्या स्क्रू ड्रायव्हरने सेन्सर जुळवायचा स्क्रू थोडा फिरवला आणि म्हणाली, “मॅडम, आपल्या गाडीला ऊन दिसतंय, पट्टी दिसतच नाहीये.” तिने पुठ्ठ्याची सावली करायची परवानगी मागितली. नियमात बसत नाही म्हणून ती मिळाली नाही आणि गाडी बाद झाली. परीक्षकांच्या कागदावर वेळेचा एकच रकाना होता. बारा वर्षांच्या मुलीने जे शोधून काढलं होतं, ते लिहायला त्यावर जागाच नव्हती. परतीच्या एसटीत ती खिडकीकडे तोंड करून बसली होती. मी काय बोलावं, मला सुचलं नाही.

आपल्याकडच्या विज्ञान प्रदर्शनातसुद्धा सहावी ते आठवी आणि नववी ते बारावी असे वेगळे गट असतात. वर्ल्ड रोबोट ऑलिम्पियाड या आंतरराष्ट्रीय रोबो स्पर्धेत ८ ते १२, ११ ते १५ आणि १४ ते १९ अशा वयांचे गट आहेत आणि प्रत्येक गटाचं काम वेगळं असतं. मग आपल्याच स्पर्धांमध्ये हे करायला अडचण काय?

पाचवी ते सातवीला मोठ्या गोलाईची सलग पट्टी पुरे, फाटे नकोत. प्रोग्रॅमही नको. दोन सेन्सर आणि तयार सर्किटवर गाडी चालते आणि का चालते ते मुलांना कळतं. आठवी ते दहावीला आर्डुइनो (प्रोग्रॅम घालता येणारा छोटा सर्किट बोर्ड), काटकोन, रेघांची फुली आणि तुटक रेघ द्यावी. पीआयडी आणि वेगाची खरी चुरस त्यापुढच्यांसाठी. इंजिनिअरिंगवाल्यांनी आपापसात लढावं, लहानांनी ते डोळे भरून बघावं.

वेळेइतकंच महत्त्व मुलाच्या सांगण्याला असावं. हल्ली बाजारात तयार किट मिळतं, प्रोग्रॅम इंटरनेटवरून उतरवता येतो आणि काही ठिकाणी क्लासवालेच गाडी बनवून मुलाच्या हातात देतात. म्हणून ट्रॅक स्पर्धेच्या दिवशीच उघडावा, सरावाचा ट्रॅक वेगळा असावा आणि धावण्याआधी दोन मिनिटं मुलाला विचारावं, “डावा सेन्सर काढला तर काय होईल?” ज्याने गाडी स्वतः जोडली आहे तो लगेच सांगतो. ऑलिम्पियाडमध्येही त्याच दिवशी सकाळी एक अनपेक्षित नियम सांगितला जातो, तो याचसाठी.

ट्रॅक बंद खोलीत, ट्यूबलाइटखाली मांडावा. तिथेच मुलांना सेन्सर जुळवून घ्यायला दहा मिनिटं द्यावीत. प्रत्येकाला तीन फेऱ्या मिळाव्यात, त्यातली सर्वांत चांगली धरावी. आणखी एक छोटी गोष्ट पत्रकातच छापावी, म्हणजे खेड्यातली मुलं फसणार नाहीत. नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी मोटारींना पुरत नाही, गाडी दोन फूट जाऊन दम तोडते. आमची पहिली दोन वर्षं त्यातच गेली.

पैशांचं म्हणाल, तर अटल टिंकरिंग लॅब या केंद्र सरकारच्या योजनेतल्या शालेय प्रयोगशाळेसाठी शाळेला २० लाखांपर्यंत अनुदान मिळतं आणि अशा प्रयोगशाळा देशात १० हजारांवर पोचल्या आहेत. २०२५च्या अर्थसंकल्पात पाच वर्षांत सरकारी शाळांमध्ये आणखी ५० हजार लॅब उभारण्याची घोषणा झाली. ज्या शाळेत लॅब आहे तिने आसपासच्या चार शाळांना बोलावून वर्षातून एकदा स्पर्धा घेतली, तरी कपाटात कुलूपबंद पडलेल्या मोटारी फिरतील. ज्यांच्याकडे लॅब नाही त्यांच्यासाठी सांगते, आम्ही वाढदिवसाच्या जुन्या फ्लेक्सची मागची पांढरी बाजू वापरतो. त्यावर वायरमनकडची काळी इन्सुलेशन टेप चिकटवली की ट्रॅक तयार. चकाकणाऱ्या बाजूपेक्षा ही बाजू सेन्सरलाही बरी पडते.

येत्या २८ फेब्रुवारीला, राष्ट्रीय विज्ञान दिनी, आमच्या शाळेत तीन गटांची स्पर्धा ठेवली आहे. लहान गटाचा ट्रॅक त्याच मुलीने आखला आहे. ती आता आठवीत आहे आणि खिडक्यांना पडदे लागल्याशिवाय फ्लेक्स अंथरायचा नाही, असं तिने सगळ्यांना बजावून ठेवलं आहे.

आपली विश्वासू,
एक विज्ञान शिक्षिका, विटा (जि. सांगली)