सिंहाचं घड्याळ शिकवणाऱ्या अरुशाच्या काकांना

प्रिय काका,

सप्रेम नमस्कार. स्वाहिलीत ‘काका’ म्हणजे भाऊ, आमच्याकडे वडिलांचा भाऊ. तुम्हाला दोन्ही अर्थ शोभतात, म्हणून नावाऐवजी ही हाकच ठेवली आहे. पत्र मराठीत आणि उघडं लिहीत आहोत, कारण टांझानियातल्या सेरेंगेटी उद्यानाची सहल आखताना आणि आमची गाडी चालवताना तुम्ही जे शिकवलंत, ते इथून सिंह बघायला निघणाऱ्या प्रत्येकाच्या कामाचं आहे. ते कुणाकडून आलं, हेही त्यांना कळायला हवं.

सहा दिवसांत तरांगिरे, मन्यारा, न्गोरोंगोरो आणि सेरेंगेटी, रोज नवा मुक्काम, असा आमचा पहिला आराखडा होता. तुम्ही त्यातली पहिली दोन नावं खोडलीत आणि सेरेंगेटीच्या मध्यभागी, सेरोनेरात एकाच तंबूत सलग तीन रात्री लिहिल्यात. कारण एका ओळीत सांगितलंत: सिंह दिवसाचे अठरा-वीस तास झोपतो. तो हलतो पहाटे, संध्याकाळी आणि रात्री, आणि रात्री उद्यानात गाडी फिरवता येत नाही. म्हणजे आपल्या वाट्याला उजाडल्यानंतरचे दोन-अडीच तास आणि मावळतीआधीचा तास-दीड तास. मुक्काम बदलला की नेमकी ती पहाट बॅगा भरण्यात आणि रस्त्यात जाते. अरुशा ते सेरोनेरा सव्वातीनशे किलोमीटर दिसतात, पण पुढचा रस्ता कच्चा, पन्हाळी पडलेला, आणि उद्यानात वेगमर्यादा ताशी ५०. सात-आठ तास धरावेच लागतात. नकाशावर बोटाने मोजलेलं अंतर तिथे उपयोगाचं नाही, हे तुम्ही वेळेवर सांगितलंत.

परवान्याचा हिशोब तर आम्हाला कुणीच समजावला नव्हता. सेरेंगेटीचं शुल्क तारखेवर नाही, २४ तासांवर चालतं. नाबी हिलच्या फाटकावर नोंद झाली की घड्याळ सुरू. सकाळी १० वाजता आत गेलात, तर तीन रात्रींनंतर चौथ्या दिवशी १० च्या आत बाहेर पडावं लागतं. सेरोनेराहून फाटक तास-सव्वा तासावर, म्हणजे शेवटची पहाट गेली. म्हणून तुम्ही कराटूहून न्याहारीनंतर सावकाश निघालात आणि दुपारी दीडला नोंद केलीत. शेवटच्या दिवशी पहाटेची पूर्ण फेरी, मग खाणं, मग बाहेर. उशीर झाला तर माणशी आणखी एका दिवसाचे पैसे पडतात. शिवाय वाटेवरचा न्गोरोंगोरोचा संरक्षित प्रदेश नुसता ओलांडायलाही वेगळं शुल्क आहे. कंपनीने दिलेल्या अंदाजपत्रकात या दोन्ही रकमा सुट्या लिहून मागाव्यात, हा तुमचा सल्ला आम्ही आता सगळ्यांना देतो.

हंगामाबद्दलचा गोंधळही तुम्हीच दूर केलात. लोक वाइल्डबीस्ट या गवत खाणाऱ्या मोठ्या जनावरांचं स्थलांतर आणि सिंह यांची सांगड घालतात आणि जनावरांच्या झुंडीमागे मुक्काम हलवत राहतात. झुंडी डिसेंबर ते मार्च दक्षिणेला, न्डुटूच्या आखूड गवतावर असतात. ज्वालामुखीच्या राखेच्या मातीतलं ते गवत खनिजांनी भरलेलं, म्हणून फेब्रुवारीच्या सुमारास वीण तिथेच होते. जुलै ते ऑक्टोबर त्या उत्तरेला मारा नदीच्या बाजूला. सिंहांचे कळप मात्र, काही भटके सोडले तर, आपापली हद्द धरून बसतात. सेरोनेरात नदी आणि वर्षभराची शिकार असल्याने तिथे बाराही महिने सिंह आहेत. एप्रिल-मेच्या मोठ्या पावसात राहणं स्वस्त पडतं, पण गवत इतकं वाढतं की रस्त्यापासून दहा पावलांवर आडवी झालेली सिंहीण दिसत नाही. पहिल्यांदा जाणाऱ्याने जून ते ऑक्टोबर निवडावा, असं आमचंही मत झालं आहे.

सर्वात मोठं ऋण तुमच्या नजरेचं. वायरलेसवर बातमी आली की गाड्या धुरळा उडवत एका झाडाखाली गोळा होतात. तुम्ही गाडी बंद करून आधी हरणं बघायला शिकवलंत. वारुळावर उभा असलेला टोपी (हे एका मोठ्या हरणाचं नाव) एकाच दिशेला टक लावून असेल, टॉमी हरणं चरणं सोडून एका बाजूला तोंड करून उभी राहिली असतील, जिराफ मान न हलवता बघत असेल, तर त्या नजरेच्या टोकाला काहीतरी आहे. झाडावर पंख पसरून बसलेल्या गिधाडांवरून काही कळत नाही. एकामागोमाग एक खाली उतरणारी गिधाडं महत्त्वाची. ती झाडावरच थांबून खाली बघत असतील, तर शिकारीवर अजून सिंह बसलेला असू शकतो. सकाळी ऊन येताच कोपी, म्हणजे ग्रॅनाइटच्या शिळांचे उंचवटे, दुर्बिणीने तुकड्या-तुकड्याने तपासायचे: आधी कडा, मग सावल्या. आणि ओढ्यांचे संगम कधी चुकवायचे नाहीत. पाणी, दबा धरायला झुडूप आणि शिकारीला अडवणारा कोपरा तिथे एकत्र येतात; सिंहांचे कळप अशा जागांसाठीच एकमेकांशी भांडतात.

मग ओळख पटवणं. वरच्या ओठावर मिशांच्या मुळाशी जे काळे ठिपके असतात, त्यांची मांडणी प्रत्येक सिंहाची वेगळी. १९६६ साली जीवशास्त्रज्ञ जॉर्ज शॅलर यांनी सेरेंगेटीत सिंहांचा अभ्यास सुरू केला, तो पुढे अनेक दशकं चालला. त्यात सिंह ओळखायला याच ठिपक्यांचा उपयोग झाला. दोन्ही गालांचा बाजूने फोटो काढायचा, नाकाचा रंग बघायचा (लहानपणी गुलाबी, वयाबरोबर काळा होत जाणारा), कानाची फाट टिपायची. दुसऱ्या दिवशी तीच सिंहीण भेटली की ती ‘एक सिंहीण’ राहत नाही. तीन रात्री एकाच जागी राहण्याचं खरं मोल हे.

आणखी एका गोष्टीसाठी मनापासून धन्यवाद: तुम्ही ‘नाही’ म्हणालात. सेरेंगेटीत रस्ता सोडून गाडी घालायला बंदी आहे, तरी बक्षिशीचं आमिष दाखवून चालकाला पुढे ढकलणारे प्रवासी असतात. दंड आणि परवान्यावरची कारवाई चालकाला भोगावी लागते. शिवाय दबा धरलेल्या सिंहिणीच्या पुढे गाडी गेली की शिकार उधळते. आधीच तिचे बहुतेक प्रयत्न फसतात, आणि मागे छावे उपाशी असतात. पावसानंतर तर रस्ता सोडणं म्हणजे रुतणंच. ती काळी चिकण माती आमच्या विदर्भ-मराठवाड्यातल्या माणसाला सांगायला नको: वरून सुकलेली दिसते आणि चाक अर्धं गिळते.

सामानाची तुमची यादी छोटी होती, जशीच्या तशी पुढे देत आहोत. एका गाडीत चारच जण, म्हणजे प्रत्येकाला खिडकी आणि उघड्या छपराखाली जागा. छोट्या विमानाने जायचं तर १५ किलोची मऊ बॅग, टणक सुटकेस नाही. निळे-काळे कपडे नकोत, त्से-त्से माशी त्यांच्याकडे ओढली जाते. खाकी किंवा मळकट हिरवे, पूर्ण बाह्यांचे. पहाटेसाठी कानटोपी आणि जाकीट. कॅमेऱ्यासाठी तिकाटणं आणू नये. शिवलेली रिकामी पिशवी आणून तिथे दीड-दोन किलो तांदूळ भरावेत आणि कॅमेरा टेकायला छपराच्या कडेवर ठेवावी. ४०० मिलिमीटरची लेन्स पुरते, पण इंजिन बंद असल्याशिवाय फोटो हलतोच. प्लॅस्टिकच्या कॅरीबॅगा टांझानियात २०१९ पासून बंद आहेत, त्या घरीच ठेवाव्यात. शाकाहारी डबा हवा असेल तर आदल्या रात्री स्वयंपाकघरात सांगावं. सकाळी सांगितलं तर कोंबडीचा तुकडा बाजूला काढलेला तोच डबा मिळतो.

यात आमची एक भर. मलेरियाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून निघण्याआधीच सुरू कराव्या लागतात. आणि केनिया किंवा इथिओपियामार्गे परतणाऱ्यांकडे भारतात पीतज्वराच्या लसीचं प्रमाणपत्र मागतात. नसेल तर सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवलं जाऊ शकतं. प्रमाणपत्र लस घेतल्यापासून दहा दिवसांनी लागू होतं, म्हणून लस महिनाभर आधी उरकावी.

काका, फेब्रुवारीत आमच्यातले चौघे पुन्हा येत आहेत, या वेळी न्डुटूला तीन रात्री. निघायची वेळ तुम्ही ‘सा कुमी ना म्बिली’ लिहून पाठवलीत. स्वाहिली घड्याळ सूर्योदयापासून मोजतं आणि तुमचे बारा म्हणजे आमचे सकाळचे सहा, हे नव्यांना समजावून सांगितलं आहे. ते पावणेसहालाच गाडीपाशी उभे असतील.

असांते साना, खूप खूप धन्यवाद.

तुमचे,
पुणे आणि नाशिकचे प्रवासी