जमिनीखालचा पाट

एसलिंगन, १२ जानेवारी २०२५

तीर्थरूप बाबा आणि आई यांना साष्टांग नमस्कार, वि. वि.

बाबा, गेल्या रविवारी फोनवर तुम्ही तिसऱ्यांदा विचारलंत, "जमिनीखालून पाण्याच्या नळ्या? आणि गळली तर?" आणि मी तिसऱ्यांदा "अहो, नाही गळत" म्हणून विषय बदलला. मग आईने हळूच सांगितलं की तुम्हाला हल्ली फोनवर नीट ऐकू येत नाही, सगळं लिहून पाठव, जमल्यास नकाशासकट. म्हणून हे पत्र. गळण्याचंही लिहिणार आहे, पण आधी बाकीचं.

घर १९७१चं आहे हे तुम्हाला माहीत आहेच. इथे जर्मनीत घरांच्या उष्णतेच्या बचतीचा पहिला कायदा १९७७मध्ये लागू झाला, म्हणजे आपलं घर त्याच्या आधीच्या बेफिकीर काळातलं. तळघरात तेलाचा बंब, तेलाची टाकी, आणि खिडकीखाली लोखंडी रेडिएटर. पाणी साठ अंशांवर तापवल्याशिवाय ते रेडिएटर खोली गरम करत नसत. डोकं गरम आणि पाय गार अशी अवस्था. वरून सगळ्या घराला तेलाचा वास. आई, तू पाठवलेल्या गोधडीलासुद्धा तो लागला होता.

तेव्हा बंब काढून हिट पंप बसवायचं ठरलं. बाबा, हिट पंप तुम्हाला मी उपसा सिंचनासारखा समजावते. बाहेरच्या गार हवेतही उष्णता असते, ती खालच्या पातळीवर. ती उचलून घरातल्या वरच्या पातळीवर आणायची. नदीचं पाणी वीस फूट उचलायला जेवढी वीज लागते त्याच्या तिप्पट साठ फुटांना, हे तुमचंच वाक्य. इथेही तेच आहे. बाहेर शून्य अंश असताना पाणी साठपर्यंत न्यायचं तर एका युनिट विजेत दोन-अडीच युनिट उष्णता मिळते. तेच छत्तीसपर्यंत न्यायचं असेल तर साडेतीनच्या वर. आता छत्तीस अंशांच्या कोमट पाण्याने खोली तापवायची तर तापणारा पृष्ठभाग मोठा हवा, आणि घरात सगळ्यात मोठा रिकामा पृष्ठभाग म्हणजे जमीन. जमिनीखालच्या नळ्यांचं कारण एवढंच, हेड, म्हणजे उचलायची उंची, कमी करायचं होतं. इथले शेजारी मात्र याला चैन समजतात आणि अनवाणी चालायच्या सुखाबद्दल बोलतात.

पर्याय तीन होते. पहिला, जुना कोबा फोडून खाली जाड इन्सुलेशन, वर नळ्या आणि नवा कोबा. काम पक्कं, पण सिमेंटचा कोबा घातला की निदान २१ दिवस त्याला गरम पाणी दाखवायचं नाही, मग हळूहळू तापवत सुकवायचा, मगच फरशी. आपल्याकडे कोब्यावर पाणी मारत राहायचं, इथे त्यातलं पाणी बाहेर पडायची वाट बघायची. तेवढे दिवस दोन लहान मुलांना घेऊन राहायचं कुठे?

दुसरा पर्याय विजेच्या जाळीचा. फरशीखाली, ती चिकटवायच्या मसाल्यात, वायरची पातळ जाळी अंथरायची आणि प्लग लावायचा. बसवायला सगळ्यात स्वस्त आणि चालवायला सगळ्यात महाग, कारण त्यात उपसा नाही, एका युनिटला एकच युनिट. एका दुकानदाराने संपूर्ण खालच्या मजल्याला तीच लावा म्हणून फार गळ घातली. मी कागदावर हिशोब मांडला तेव्हा तो कॉफी आणायला गेला. ती जाळी शेवटी फक्त वरच्या न्हाणीघरात घेतली. तीन चौरस मीटर, ४५० वॅट, सकाळी दोन तास. मुलं आंघोळीला कुरकुरत नाहीत, त्यासाठी तेवढं वीजबिल मान्य आहे.

आणि तिसरा, जो आम्ही घेतला. जुना कोबा तसाच ठेवून त्यात यंत्राने चर पाडायचे, चरांत नळी दाबून बसवायची, वरून पातळ गिलावा, आणि फरशी. घराची उंची वाढत नाही, दारं तासावी लागत नाहीत. त्यासाठी कोबा धड हवा. पाच ठिकाणी भोक पाडून जाडी पाहिली. पाच ते सहा सेंटिमीटर निघाली, स्वयंपाकघराच्या दाराशी मात्र चारच, म्हणून तेवढा पट्टा सोडला. इथला कोबा भिंतीला चिकटवत नाहीत बरं का. खाली थर्मोकोलसारखा थर आणि कडेने फोमची पट्टी, मधे कोबा नुसता तरंगत असतो, म्हणजे तापून फुगला तरी भिंतीला ढकलत नाही. हे पाहिल्यावर मला आपल्या माडीच्या कोब्यावरची ती कायमची भेग आठवली.

काम लगेच सुरू झालं नाही. जुन्या प्लास्टिकच्या लाद्या उपटल्या तर खाली काळा चीक. त्या काळातल्या चिकात अॅस्बेस्टॉस असू शकतो, आणि असेल तर त्यावर यंत्र फिरवणं म्हणजे विषाची धूळ घरभर उडवणं. इथे १९९३पासून अॅस्बेस्टॉसला पूर्ण बंदी आहे, पण जुन्या घरांतून ते कुठेही निघतं. नमुना प्रयोगशाळेत पाठवला, नऊ दिवस आम्ही वरच्या मजल्यावर एका शेगडीवर स्वयंपाक केला, आणि नमुना निर्दोष आला. बाबा, या निमित्ताने हात जोडून सांगते, गोठ्यावरचे सिमेंटचे पत्रे करवतीने कापू नका आणि कोणाला कापू देऊ नका. त्यातही तेच असतं.

चर पाडायला दोघे जण आले. यंत्राला मोठा व्हॅक्यूम जोडलेला, तरी आवाज असा की शेजारच्या आजी दोन दिवस लेकीकडे राहायला गेल्या. ६२ चौरस मीटर जमीन दीड दिवसात संपली. नळी १४ मिलिमीटरची, प्लास्टिकची, नळीच्या भिंतीतून ऑक्सिजन आत शिरू नये म्हणून वेगळा थर असलेली, नाहीतर पंपाकडचं लोखंड गंजतं. दोन नळ्यांमधे साधारण साडेबारा सेंटिमीटर अंतर. आखणी कशी, तर आई, चकली डोळ्यांसमोर आण. बाहेरून आत गुंडाळत जायचं, मध्यावर वळायचं आणि त्याच फटींतून परत बाहेर यायचं. म्हणजे जाणाऱ्या गरम नळीशेजारी परतणारी गार नळी येते आणि जमीन सगळीकडे सारखी तापते. कारागीर त्याला गोगलगाय म्हणतात. मी चकली म्हटलं, तर त्यांना चकली खायला द्यावी लागली.

बाबा, या नळ्यांना जमिनीखाली एकही सांधा नसतो. प्रत्येक सर्किट, म्हणजे नळीचा एक फेरा, अखंड, भिंतीतल्या कपाटातून निघतं आणि त्याच कपाटात परत येतं. सांधे सगळे कपाटात, डोळ्यांसमोर. गिलावा घालण्याआधी पाणी भरून दाब देऊन ठेवला, रात्रभर काटा हलला नाही. मी मापाची पट्टी ठेवून सगळ्या खोल्यांचे फोटो काढले. याबद्दल पुढे येतंच.

वरून काय घालायचं यावर महिनाभर भांडलो. नियम सोपा आहे, वरचा थर जितका जाड आणि मऊ तितकी उष्णता अडते. दगड आणि टाइल सगळ्यात उत्तम, खाली चिकटवलेलं पातळ लाकूड चालतं, जाड गालिचा नको. बैठकीत ओकचं लाकूड घेतलं. आणि स्वयंपाकघराचा फोटो पाहून तुम्ही "शहाबादी कुठून आणलीस?" विचारलंत ना, ती बव्हेरियातल्या झोल्नहोफेनची. तोही चुनखडीचाच दगड, तसाच थरांथरांनी निघणारा, फक्त पिवळसर. याच दगडांत आर्किओप्टेरिक्सचे, त्या पिसंवाल्या आदिपक्ष्याचे, अवशेष सापडले. आपल्या फरशीत पक्षी नाही, झाडासारखी काळी नक्षी आहे, आणि ती झाडाची नसून खनिजाची आहे असं धाकट्याने मला सुनावलं. आई, तुझी सतरंजी या नियमामुळे वरच्या खोलीत गेली. रागावू नकोस.

खर्चाचं थोडक्यात: जमीन, पंप आणि जोडणी मिळून ३४,००० युरो. सरकारी अनुदान ५५ टक्के मिळालं. मूळ ३० टक्के, तेलाचा बंब मोडीत काढला म्हणून २०, आणि पंपात आपल्या सिलिंडरात असतो तसला प्रोपेन आहे म्हणून ५. पण हिशोबात धरायच्या खर्चाची मर्यादा ३०,०००, त्यामुळे हाती १६,५०० पडले. तळघराच्या छताला आठ सेंटिमीटरचे इन्सुलेशनचे तक्ते आम्ही दोघांनी चिकटवले, नाहीतर निम्मी ऊब खाली बटाट्यांना गेली असती. अजून मान दुखते.

आता गळण्याचं. पाडव्याला, २ नोव्हेंबरला, तुमच्याशी बोलता बोलता मी "दूध उतू गेलं" म्हणून फोन ठेवला. दूध नव्हतं. तुमचे जावई पॅसेजच्या दाराला थोपा बसवायला जमिनीत भोक पाडत होते. रविवारी इथे ड्रिलचा आवाज करायची सोय नाही, म्हणून शनिवारीच उरकू म्हणाले. मी काढलेले फोटो फोनमध्ये होते, ते बघायचं राहिलं. ड्रिल सरळ नळीत. ओवाळणी काय घालायची ती नंतर, आधी वीतभर उंच कारंजं मिळालं.

पण बाबा, तुम्हाला वाटतं तसा पूर आला नाही. कपाटातले त्या सर्किटचे दोन्ही नळ बंद केले आणि संपलं. एका सर्किटमध्ये पाणी असतंच किती, साडेपाच लिटर. दाब उतरल्यामुळे पंप रुसून बंद पडला, दोन रात्री आम्ही सगळे एका खोलीत झोपलो. सोमवारी प्लंबर आला, वीतभर जागा फोडली, नळी कापून तिथे दाबाचा जोड घातला, पुन्हा दाब देऊन पाहिला, एक फरशी बदलली. २८० युरो. घरभर जमिनीखाली असलेला तो एकमेव सांधा आहे आणि तो जावयांच्या नावे आहे. त्यानंतर मला युक्ती कळली: जमीन ओल्या फडक्याने पुसायची आणि वाळताना बघायची, नळीवरची जागा आधी वाळते आणि सगळ्या रेघा उमटतात.

एरवी जमीन हाताला गरम लागत नाही, चोवीस-पंचवीस अंश. आई, तव्यासारखी तापते ही तुझी समजूत काढून टाक, माणूस वावरतो तिथे २९च्या वर जाऊ देत नाहीत. मात्र संयम लागतो. सकाळी तापमान वाढवलं तर परिणाम दुपारी, पाटाला पाणी सोडल्यावर टेलपर्यंत, शेवटच्या टोकापर्यंत, पोचायला वेळ लागतो तसंच. पहिल्या आठवड्यात मी सारखी बटणं पिळत होते आणि घर कधी भट्टी तर कधी गोठा. आता २१वर ठेवलं आहे आणि हात लावत नाही. दही कपाटात, नळांच्या शेजारी, रात्रीत लागतं. इडलीचं पीठही फुगतं, फक्त मोठं पातेलं घ्यावं लागतं, एकदा कपाट पुसायची वेळ आली.

एक दुखणं राहिलंय, आणि ते तुमच्या पाटपाण्याच्या खात्याचं आहे. बागेकडचा बैठकीचा कोपरा इतरांपेक्षा दीड अंश गार राहतो. तिथलं सर्किट सगळ्यात लांब, ८२ मीटर. पॅसेजचं फक्त ३१ मीटरचं आहे, कपाटाला लागून, ते भसाभस पाणी ओढतं. हेडचा, म्हणजे पाटाच्या सुरुवातीचा, शेतकरी रात्रंदिवस दार उघडं ठेवतो आणि टेलवाला कोरडा, अगदी तीच तक्रार. प्रत्येक सर्किटला काचेची छोटी नळी आहे, मिनिटाला किती लिटर जातं ते दिसतं. प्लंबरने अंदाजे लावून दिलं आणि गेला, पुन्हा बोलावलं तर पैसे.

आकडे देते. पॅसेज ३१ मीटर, १.६ लिटर. स्वयंपाकघराची दोन, ६८ आणि ७० मीटर, दोन्हींना १.३. बैठकीची चार: ७१ मीटरला १.२, ७४ची दोन आहेत त्यांना १.१ आणि १.२, आणि तो कोपरा, ८२ मीटर, ०.८. कोपऱ्याच्या सर्किटचं दार, म्हणजे कपाटातला नळ, पूर्ण उघडं आहे. नकाशा मागच्या पानावर काढला आहे, जावयांचा सांधा लाल पेनाने दाखवला आहे. कुठलं दार किती आवळू ते कळवा.

आपली,
धाकटी