मेणबत्ती, मच्छर आणि आपला कूलर

मिनियापोलिस,
जुलैचा दुसरा रविवार

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

आई, "अमेरिकेत कुठले आले वं मच्छर?" म्हणून तू फोनवर हसलीस. अगं, या मिनेसोटात तळी इतकी की गाड्यांच्या नंबरप्लेटवरच 'दहा हजार तळी' असं लिहिलेलं असतं. सूर्य मावळतो रात्री नऊला. तेव्हा सगळे अंगणात येऊन बसतात, आणि मच्छरही. मागच्या शनिवारी शेजाऱ्यांना आपली कोथिंबिरीची सांबारवडी खायला बोलावलं, तर एका हातात वडी आणि दुसऱ्या हाताने पोटरीवर चापट्या असा कार्यक्रम झाला.

म्हणून या आठवड्यात सिट्रोनेलाच्या मेणबत्त्या घरीच केल्या. सिट्रोनेला हे आपल्या गवती चहाच्याच कुळातलं गवत. तेलाची बाटली उघडली आणि मला थेट आपल्या मागच्या दाराशी, नळाजवळच्या त्या ठोंबापाशी गेल्यासारखं वाटलं. जावईबापू आतून ओरडले, "चहा टाकला का?"

पहिला घाणा फसला. वात विकत कशाला आणायची म्हणून तू दिलेल्या समईच्या वातींतली एक लांब वात वळून घातली. पाच मिनिटं तेवली, मग काळा धूर सोडत मेणाच्या डबक्यात बुडाली. तेलाची वात मेणाला चालत नाही. दुसऱ्या दिवशी पत्र्याची चकती लावलेली विणीची सुती वात आणली.

मग अर्धा किलो सोयाबीनचं मेण घेतलं. ते साबणाच्या चुऱ्यासारखं मिळतं. पातेल्यात पाणी उकळत ठेवून त्यात दुसरं भांडं बसवलं, तू चॉकलेट वितळवतेस तसं. थेट आचेवर मेण ठेवायचं नाही, आणि पेटलंच तर पाणी टाकायचं नाही, झाकण घालायचं. वितळल्यावर खाली उतरवून जरा निवू दिलं आणि मग पंचवीस ग्रॅम तेल घातलं. फार गरम मेणात घातलं तर वास तिथेच उडून जातो. बरण्यांच्या तोंडावर पेन्सिल आडवी ठेवून वात तिला गुंडाळली, म्हणजे मध्ये सरळ राहते. मग मेण ओतलं आणि बरण्या रात्रभर हलवल्या नाहीत. पेटवण्याआधी वात पाव इंचावर कापली, नाहीतर काजळी धरते.

खरं सांगू? उपयोग झाला, पण बेताचाच. मेणबत्तीजवळ बसलं आणि वारा पडलेला असला तर फरक जाणवतो. झुळूक आली की वासही गेला. शेवटी टेबलफॅन बाहेर काढला. मच्छर उडायला कच्चा असतो, पंख्याच्या वाऱ्यात त्याला टिकता येत नाही. मेणबत्त्या मात्र ठेवल्या, उजेड छान पडतो.

बाबा, आता तुमच्याशी बोलायचं आहे. मेणबत्ती तुम्हालाही पाठवेन, पण डेंग्यूचा मच्छर दिवसा चावतो, तिथे संध्याकाळची मेणबत्ती काय करणार? पाऊस लागून महिना झाला, तरी गॅलरीतला कूलर पाण्यासकट उभा आहे, हे मला व्हिडिओ कॉलवर दिसलं. "असू दे, उकाडा परत येईल" हे दरवर्षीचंच. साचलेल्या पाण्यात आठ-दहा दिवसांत अंड्याचा मच्छर होतो. नुसतं पाणी काढून भागत नाही, कारण अंडी टाकीच्या भिंतीला चिकटलेली असतात आणि कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने तग धरतात. टाकी ब्रशने घासावीच लागते. खस काढून वाळवा आणि झाकून ठेवा. पाठीला त्रास होत असेल तर शेजारच्या पोराला हाक मारा, पण स्वतः वाकू नका.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक बघायला जाल, तेव्हा माझ्याही वाटचं "इडा पीडा घेऊन जा गे मारबत" ओरडा. पिवळ्या मारबतीचा फोटो हवाच, मागच्या वर्षी नुसती गर्दीची डोकी आली होती.

आई, सांबारवडीच्या सारणात तू खसखस किती घालतेस ते लिही. माझी जरा कोरडी झाली.

तुमची,
मनू

ता.क. बाबा, टाकी घासल्याचा फोटोही पाठवा. आतून.