अर्ज दोन प्रतींत कर

चि. केतकी हिस,

अनेक आशीर्वाद.

रविवारी तू स्वयंपाकघरात आईकडे खोलीच्या भाड्यासाठी चार हजार रुपये मागितलेस, ते बाहेर वर्तमानपत्र वाचताना माझ्या कानावर आले. जानेवारीचा पगार २६ फेब्रुवारीला झाला आणि फेब्रुवारीचा मार्च अर्धा सरला तरी झालेला नाही, हे मला नंतर आईकडून कळले. या विषयातले मला बरेच कळते, आणि का कळते ते आजवर घरात बोललेलो नाही.

रबाळ्याच्या कंपनीत एकोणीस वर्षे मी टाइम ऑफिसात होतो. मस्टर आणि पगारपत्रक माझ्याकडे असे. पगार लांबला की ‘सोमवारी बघू’ असे सांगायचे कामही माझ्याकडेच असे. आमच्या खिडकीच्या काचेला खालच्या बाजूला एक अर्धगोल भोक होते. त्यातून बोलायचे तर माणसाला वाकावे लागे, आणि वाकून मागताना आवाजही खाली येई. कामगार एकेकटे येत आणि मी त्यांना एकेकटे परत पाठवीत असे. एखादा फारच चिडला तर मालक त्याला पाचशे-हजाराची उचल देत, व्हाउचरवर सही घेत, आणि त्याच्यापुरता तो विषय महिनाभर मिटे. मालकांनी आपणहून ‘आधी यांचे द्या’ असे म्हटलेले मला एकदाच आठवते. पॅकिंगमधल्या एका बाईंनी अकरा जणींच्या सह्यांचा अर्ज दोन प्रतींत आणला होता आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच मिळेपर्यंत त्या खिडकीसमोरून हलल्या नाहीत. शेवटी मी शिक्का मारला. चौथ्या दिवशी त्या अकरा जणींचे पगार झाले. बाकीच्यांचे त्यानंतर दोन आठवड्यांनी. म्हणजे तिजोरीत पैसे होते.

त्या काळी १९३६ चा वेतन प्रदान अधिनियम होता आणि ठरावीक पगाराच्या वरच्यांना तो लागू नसे. अखेरीस ही मर्यादा महिना २४ हजार रुपये होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याच्या जागी वेतन संहिता, २०१९ आली आहे आणि तिला तशी मर्यादा नाही, तेव्हा ‘तुम्ही सुपरवायझर आहात, तुम्हाला हे लागू नाही’ असे कोणी सांगितले तर ऐकून घेऊ नकोस. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत झालाच पाहिजे, आणि राजीनामा दिला किंवा कामावरून काढले तर दोन कामाच्या दिवसांत हिशोब चुकता झाला पाहिजे. गोदामाच्या कंपनीकडून बिल सुटले नाही, असे तुमची एजन्सी, म्हणजे तुम्हाला तिथे कामाला लावणारा ठेकेदार, म्हणते. तो त्या दोघांमधला व्यवहार आहे. ठेकेदाराने पगार दिला नाही तर तुम्ही जिथे काम करता त्या आस्थापनेच्या मालकावर ती जबाबदारी येते, म्हणून अर्ज एजन्सीच्या नावे लिहून त्याची प्रत तुर्भ्याच्या त्या गोदामाच्या कंपनीलाही द्या.

नेमणूकपत्र, बँकेचा सहा महिन्यांचा उतारा, हजेरीचे फोटो आणि ‘पेमेंट अडकले आहे’ असे त्यांनी पाठवलेले संदेश एका ठिकाणी जमव. पीएफचे पासबुकही उघडून बघ. तो हप्ता १५ तारखेपर्यंत भरायचा असतो आणि पगार लांबवणारा माणूस बहुधा तोही लांबवतो. अर्जाला दाद मिळाली नाही तर ठाण्याच्या कामगार उपायुक्तांच्या कार्यालयात तक्रार करायची. दावा तीन वर्षांच्या आत करता येतो, नोंदणीकृत युनियनलाही तो सभासदांच्या वतीने करता येतो, आणि पैसे दिले हे सिद्ध करण्याचा भार मालकावर असतो, तुझ्यावर नाही. थकलेल्या रकमेशिवाय तिच्या दहापटीपर्यंत भरपाई देण्याचा अधिकार त्या अधिकाऱ्याला आहे, आणि एवढ्यावरही मालक बधला नाही तर जिल्हाधिकाऱ्यांमार्फत जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली होते. निकाल तीन महिन्यांत देण्याचा प्रयत्न करावा असे संहितेत म्हटले आहे खरे, परंतु तारखांवर तारखा पडताना मी पाहिल्या आहेत, तेवढी तयारी ठेव. वकील लागलाच तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रियांना तो विनामूल्य मिळतो. त्यासाठी उत्पन्नाची अट नाही.

तुमच्या ग्रुपवर ‘सोमवारी कोणीच जाऊ नका’ असे चालले आहे, असे आई म्हणाली. ते मात्र करू नका. दहा किंवा अधिक जण संगनमताने, पूर्वसूचना आणि सबळ कारण न देता गैरहजर राहिले तर आठ दिवसांपर्यंतचा पगार कापण्याची मुभा मालकाला कायद्यानेच दिली आहे, आणि निम्म्या किंवा त्याहून अधिक जणांनी ठरवून एकाच दिवशी किरकोळ रजा टाकली तर तो संप धरला जातो, ज्याला आता चौदा दिवसांची नोटीस लागते. देणे त्यांचे थकलेले असताना दोष तुमच्याकडे यायला नको. उचल देऊ केली तर घ्या, पण व्हाउचरवर ‘फेब्रुवारीच्या पगारापोटी’ असे स्वतःच्या हाताने लिहूनच सही करा. कोऱ्या कागदावर तर मुळीच नाही.

अर्जाचा मसुदा मी फुलस्केपवर लिहून ठेवला आहे आणि खाली चौदा सह्यांची जागा सोडली आहे. शनिवारी जेवायला येशील तेव्हा घेऊन जा. ते चार हजार परत करायची घाई करू नकोस. खिडकीची गोष्ट आईला अजून ठाऊक नाही. ती मी तिला तू येण्याआधी सांगेन.

तुझे,
बाबा
कळवा